पगार तुटला, पेन्शन गेली: शिक्षकाचं मत नेमकं कुठे जातं?

वैनगंगा

नमस्कार मंडळी,

नागपूर विभागातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी गणित शिकवते. नोकरी २००५ नंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नाही. निवडणूक जवळ आली की आमच्या स्टाफरूममध्ये "या वेळी दाखवून देऊ" सुरू होतं. निकाल लागतो तेव्हा कधी खरोखर दाखवलेलं असतं, तर कधी त्याचा मागमूसही नसतो. असं का होतं यावर मला मनापासून चर्चा हवी आहे, कारण हा आमच्या म्हातारपणाचा प्रश्न आहे.

शिक्षक नसलेल्यांसाठी आधी मूळ प्रश्न सांगते. ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली आणि परिभाषित अंशदान योजना, म्हणजे आपलं डीसीपीएस, आलं. पुढे त्याचं एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, झालं. जुन्या योजनेत पेन्शनसाठी पगारातून काही कापत नसत. निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, आणि आपल्या माघारी जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. नव्या योजनेत मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के दर महिन्याला कापले जातात. मूळ ५० हजार आणि भत्ता ५० टक्के असेल तर ७,५०० रुपये हातात येण्याआधीच जातात. सरकार आपला हिस्सा घालतं, आता तो १४ टक्के आहे, हे खरं. पण निवृत्तीच्या वेळी ५० लाख जमले, त्यातल्या ४० टक्क्यांची, म्हणजे २० लाखांची वार्षिकी (विमा कंपनीत पैसे भरून आयुष्यभर मिळणारी ठरावीक रक्कम) घेतली आणि ६ टक्के दर मिळाला, तर महिन्याला १० हजार. तेही गोठलेले, त्यांवर महागाई भत्ता नाही. एकाच शाळेत, एकाच वर्गाला शिकवणाऱ्या दोघांचं शेवटचं मूळ वेतन ८० हजार धरलं तर एकाला ४० हजार अधिक भत्ता आणि दुसऱ्याला हे. म्हणून आम्ही या प्रकाराला पगारकपातच म्हणतो, फक्त तिची तारीख पुढची आहे.

आता मतांचं बघू. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस यांनी सांगितलं की जुनी पेन्शन देणार नाही, १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, ३० जानेवारी २०२३ ला, विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांचं मतदान होतं. प्रचार सुरू झाला तशी सरकारची भाषा मवाळ झाली, आम्ही नकारात्मक नाही असं सांगितलं जाऊ लागलं. नागपूर शिक्षक मतदारसंघात दोन वेळा निवडून आलेले, भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार हरले. विमाशि संघाचे (विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे) सुधाकर अडबाले, ज्यांना महाविकास आघाडीचा पाठिंबा होता, ते जवळपास दुप्पट मतांनी आले. त्या प्रचारात मी स्वतः घरोघर फिरले आहे. लोक पक्षाबद्दल विचारत नव्हते, "पेन्शनचं बोला" म्हणत होते.

आणि त्याच दिवशी, त्याच प्रश्नावर, कोकण शिक्षक मतदारसंघात भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे आले आणि शेकापचे बाळाराम पाटील पडले. तिथेही फरक जवळपास दुपटीचा. कोकणातले शिक्षक काय एनपीएसवर खूश आहेत? नाहीत. मग हे काय?

माझं मत असं की कपातीचा राग मतपेटीपर्यंत पोचायला वाट असावी लागते. जिथे मजबूत संघटना आहे, संघटनेचा स्वतःचा उमेदवार आहे आणि मतदार फक्त शिक्षकच आहेत, तिथे तो पोचतो. नाहीतर मध्येच जिरतो. तुमचे अनुभव लिहा.

खाडीपलीकडे

कोकणाबद्दल बोलतो, मी रायगडातला. म्हात्रे २०१७ लाही उभे होते, तेव्हा शिवसेनेकडून, आणि हरले होते. मधली सहा वर्षं ते शाळाशाळांत दिसत राहिले. कुणाची वैद्यकीय बिलं अडकली, कुणाची वरिष्ठ श्रेणी, कुणाची शालार्थमधली (शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतली) नोंद, त्या कामांना त्यांची माणसं धावत होती. आमच्याकडे ठाणे-पालघरात संस्थाही मोठ्या आहेत, आणि संस्थाचालकाचा शब्द आला की निम्मा स्टाफ ऐकतो. मतदान गुप्त असलं तरी लहान शाळेत कोण कुणाबरोबर फिरलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेन्शनवर आमच्याकडेही घोषणा झाल्या, पण मत देताना "उद्या माझं काम कोण करेल" हाच विचार वरचढ ठरला. या बंधूभगिनींना मी दोष देत नाही. शिक्षण विभागाच्या कार्यालयात वर्षभर अडकलेली फाइल ज्याने पाहिली आहे त्याला हे कळेल.

वाडीवरचा मास्तर

ताई, तुमचं लिखाण आवडलं, पण एक गोष्ट तुमच्या सगळ्या मांडणीत सुटली आहे आणि तिच्यामुळेच माझ्यासारख्यांचा जीव जळतो. मी मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आहे, पहिली ते चौथी. मला शिक्षक मतदारसंघात मतच नाही!

राज्यघटनेच्या कलम १७१ प्रमाणे विधान परिषदेचे एक द्वादशांश सदस्य शिक्षकांनी निवडायचे, पण ते माध्यमिक शाळा आणि त्यावरच्या संस्थांतले शिक्षक. म्हणजे ७८ पैकी ७ जागा "शिक्षकांच्या", आणि राज्यातला सगळ्यांत मोठा शिक्षकवर्ग, आम्ही झेडपीवाले प्राथमिकचे, त्या रांगेत नाही. २००५ नंतर लागलेले सर्वाधिक आमच्यात. डीसीपीएसच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं मिळाल्या नाहीत ते आम्हाला. कपात झाली, पण जमा कुठे झाली याचा मेळ लागत नव्हता. माझ्या ओळखीतले एक गुरुजी नोकरीत असतानाच गेले, घरच्यांच्या हाती कपातीचे पैसे यायलाही फार काळ गेला. कुटुंब निवृत्तिवेतन तेव्हा नव्हतं. दहा वर्षांच्या आत गेला तर १० लाख सानुग्रह, एवढंच, तेही २०१८ च्या निर्णयानंतर. एनपीएसवाल्यांच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मिळायला मार्च २०२३ उजाडला.

आणि ते मतपेटीने मिळालं नाही, संपाने मिळालं. १४ मार्च २०२३ ला "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत राज्यभरातले सुमारे १७ लाख कर्मचारी उतरले. आम्ही तालुक्याच्या गावात उन्हात बसलो होतो. २० तारखेला समिती नेमून संप मिटला तेव्हा आमच्यातले कित्येक जण चिडले, काही रडले. पण कुटुंब निवृत्तिवेतनाचा निर्णय त्याच महिनाअखेर निघाला हे मी विसरू शकत नाही.

आता विधानसभेचं सांगतो. नोव्हेंबर २०२४ ला आमच्या ग्रुपवर "वोट फॉर ओपीएस", म्हणजे जुन्या पेन्शनसाठी मत, फिरत होतं. पण घरात चार मतं, त्यातलं एक माझं. वडील सोयाबीनच्या भावावर बोलत होते, भाऊ आरक्षणावर. आम्ही सरकारी नोकरीचं घर म्हणून लाडकी बहीण आमच्याकडे नाही, पण माझ्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक पोराच्या आईच्या खात्यात महिन्याला १५०० येत होते. त्या बायांसमोर मी माझ्या पेन्शनचं कसं बोलू? त्या म्हणतात, मास्तर, तुम्हाला तर पगार आहे. आणि त्यांचंही चूक नाही.

हिशेबनीस

मी खाजगी नोकरीत आहे आणि मला या मागणीबद्दल गंभीर आक्षेप आहे. कृपया व्यक्तिगत घेऊ नका, माझी आई शिक्षिका होती.

ईपीएस-९५, म्हणजे खाजगी नोकरदारांच्या पेन्शन योजनेखाली, किमान पेन्शन १,००० रुपये आहे, २०१४ पासून तेवढीच. गिरणीत, कारखान्यात आयुष्य काढलेली माणसं त्यावर जगतात. त्यांच्यासाठी कुणी "मिशन" काढत नाही. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग आधीच पगार, निवृत्तिवेतन आणि व्याजात जातो. उद्या जुनी पेन्शन आली तर नवीन भरतीला हात आखडता घेतला जाईल, आणि शाळेत शिक्षकच नसतील. एक कंत्राटी, एक शिक्षणसेवक, अशी शाळा चालेल. मतदार म्हणून शिक्षकांनी हा विचार करू नये का?

वैनगंगा

हिशेबनीस, तुमचा आक्षेप योग्य जागी आहे आणि मला तो टाळायचा नाही. पण भरती थांबली ती जुनी पेन्शन दिल्यामुळे नाही, ती तर २००५ पासून बंदच आहे. पेन्शन बंद करूनही भरती वर्षानुवर्षं रखडली. शिक्षणसेवक योजना २००० सालची, तेव्हाही पेन्शन चालू होती. बारावी-डीएड झालेला मुलगा तीन वर्षं मानधनावर राबायचा, २०१२ च्या सुमारास ते मानधन प्राथमिकला ६ हजार होतं, ते १६ हजार व्हायला २०२३ उजाडलं. ईपीएसवाल्यांना १,००० मिळतात ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि त्यांच्या मागणीला आमचा पाठिंबा असायला हवा. ते आमच्या संघटनांनी केलं नाही, ही तक्रार मात्र मान्य.

वाडीवरचे सर, तुमच्या मुद्द्याला उत्तर आहे, जरा वेळाने सविस्तर लिहिते.

टप्प्यावरचा

जुनी पेन्शन, नवी पेन्शन... आमची गाडी अजून पगारापर्यंतच आलेली नाही. खानदेशातली माझी शाळा "कायम विनाअनुदानित" होती, म्हणजे सरकारी अनुदान कधीच मिळणार नाही या अटीवरची. २००९ ला "कायम" शब्द निघाला, २०१६ ला २० टक्के अनुदान आलं, मग ४०, मग काहींना ६०. मी पूर्ण काम करतो, अर्ध्याच्या आसपास पगार घेतो, आणि उरलेलं शेतीत, शिकवणीत, लग्नसराईत फोटो काढून भागवतो. पगारकपात म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको.

आता माझं मत कुठे जातं ते प्रामाणिकपणे सांगतो, कुणाला आवडो न आवडो. जो सत्तेत आहे त्याच्याकडे. पुढचा २० टक्क्यांचा टप्पा मंत्रिमंडळातून येतो, वित्त विभागातून येतो. विरोधी आमदार सभागृहात छान भाषण करेल, माझ्या शालार्थमध्ये त्याने काही पडणार नाही. ज्याचं पोट अर्धं भरलेलं आहे त्याला सरकारला धडा शिकवणं परवडत नाही, हा हिशेब शहरातल्या पूर्ण पगारी लोकांना कळत नाही. २०२४ च्या जूनमध्ये नाशिक शिक्षक मतदारसंघात शिंदे गटाचे किशोर दराडे परत आले त्याचं आश्चर्य ज्यांना वाटलं त्यांनी आमच्यासारख्यांची संख्या मोजली नव्हती.

त्याचं फळ काय मिळालं? ऑक्टोबर २०२४ मध्ये आचारसंहितेच्या तोंडावर पुढच्या टप्प्याचा निर्णय निघाला. कागद आला, निधी नाही. जुलै २०२५ ला भर पावसात आझाद मैदानावर बसलो तेव्हा कुठे हालचाल झाली. तरीही सांगतो, पुढच्या वेळी मी परत सत्तेकडेच बघणार आहे. माझ्या मुलीची फी थांबत नाही.

निवृत्त गुरुजी

सगळं वाचलं. टप्प्यावरचे, तुमचं वाचून वाईट वाटलं.

मी १९७७-७८ च्या संपात होतो. डिसेंबरात सुरू झाला, ५४ दिवस चालला. मागणी केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची. वसंतदादा मुख्यमंत्री होते. दोन पगार बुडाले, किराणा दुकानदाराने उधारीवर सांभाळलं. संप मिटला आणि त्याच फेब्रुवारीत विधानसभेचं मतदान. तुम्हाला वाटेल की आम्ही सगळ्यांनी एकगठ्ठा मत दिलं असेल. तसं झालं नाही. आमच्या शाळेत काही जनता पक्षाचे, काही इंदिरा काँग्रेसचे, काही दादांचेच. कुणालाच बहुमत मिळालं नाही आणि दादा परत मुख्यमंत्री झाले, ते जुलैत शरद पवारांनी पाडेपर्यंत. संपात खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं मतदानाला आपापल्या आळीत परतली.

एक सांगावंसं वाटतं. मला जुनी पेन्शन आहे आणि तिच्यामुळे मी मुलाकडे हात पसरत नाही. बायकोची औषधं त्यातूनच येतात. जे माझ्या विद्यार्थ्यांना, जे आज स्वतः शिक्षक आहेत त्यांना, मिळणार नाही, ते घेताना बरं वाटत नाही.

सीमेपलीकडून

मी बेळगावातल्या मराठी शाळेत आहे, म्हणजे पगार कर्नाटक सरकारचा. आमच्याकडे मार्च २०२३ च्या पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि बोम्मई सरकारने त्याच दिवशी १७ टक्के अंतरिम वाढ दिली. दोन महिन्यांनी निवडणूक, आणि ते सरकार गेलं. वाढ देऊनही गेलं! काँग्रेसने जुन्या पेन्शनचं आश्वासन दिलं होतं, नंतर मिळालं ते काही हजार जणांना, ज्यांच्या भरतीची जाहिरात नवी योजना येण्याआधीची होती त्यांना. महाराष्ट्रातही तुमच्याकडे जानेवारी २०२४ मध्ये असाच निर्णय झाला, सुमारे २६ हजार जणांसाठी, ना?

पण बेळगावातल्या मराठी शिक्षकाचं मत पगारावर ठरतच नाही असं माझं निरीक्षण. महाराष्ट्र एकीकरण समिती की राष्ट्रीय पक्ष, हा आमच्या घरातला प्रश्न. मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत चाललेत, ती चिंता पेन्शनहून मोठी आहे.

आकडे बोलतात

बाहेरच्या राज्यांचा विषय निघालाच आहे तर. हिमाचलमध्ये नोव्हेंबर २०२२ ला काँग्रेसने जुन्या पेन्शनचं वचन दिलं, ६८ पैकी ४० जागा आल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये सुक्खू सरकारने ती लागूही केली. ते उदाहरण आपल्याकडच्या प्रत्येक सभेत दिलं जातं. राजस्थानचं कुणी देत नाही. गेहलोतांनी २०२२ च्या अर्थसंकल्पातच जुनी पेन्शन परत आणली, नुसतं वचन नव्हे, आणि डिसेंबर २०२३ ला ६९ जागांवर आले. छत्तीसगडमध्येही बघेल सरकार पेन्शन देऊन गेलं.

हिमाचल लहान राज्य आहे, तिथे नोकरदार घरांचं प्रमाण जास्त. एका मतदारसंघात काही हजार मतांनी निकाल फिरतो. महाराष्ट्रात विधानसभा मतदारसंघ तीन-साडेतीन लाखांचा. त्यात शिक्षक किती, आणि ते विखुरलेले. वैनगंगाताईंचा "वाट असावी लागते" हा मुद्दा बरोबर आहे, फक्त त्यात मतदारसंघाचा आकारही धरा.

आणि पक्षांचं काय? केंद्रात नवी पेन्शन आणली वाजपेयी सरकारने, १ जानेवारी २००४ पासून. राज्यात आणली विलासराव देशमुखांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने. मार्च २०२० चा पगार दोन तुकड्यांत आला, वर्ग क ला आधी ७५ टक्के, तेव्हा उद्धव ठाकरे मुख्यमंत्री. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता लांबला तोही त्याच काळात. ज्याला कपातीचा राग काढायचा आहे त्याने तो कुणावर काढावा? प्रत्येक पक्षाचा हात त्या फायलीवर आहे.

वाडीवरचा मास्तर

आकडे बोलतात, कोरोनातल्या त्या २५ टक्क्यांबद्दल आमच्याकडे फारसा राग नव्हता हो. नंतर मिळाले. त्या वेळी गावात लोकांच्या हाताला काम नव्हतं आणि आम्ही चेकपोस्टवर ड्यूटी करत होतो. माणूस संकटातली कपात सोसतो. जी कपात कायमची आहे आणि शेजारच्या खुर्चीला नाही, ती सोसवत नाही.

वैनगंगा

सर, शेवटचं वाक्य मला मनापासून पटलं.

आता राहिलेलं उत्तर. तुम्हाला शिक्षक मतदारसंघात मत नाही, पण तुम्ही पदवीधर असाल तर पदवीधर मतदारसंघात आहे. पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. झेडपीतल्या कितीतरी गुरुजींनी नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं आहे. ती पदवी चालते. जानेवारी २०२३ ला अमरावती पदवीधरमध्ये दोन वेळचे आमदार आणि माजी गृहराज्यमंत्री रणजित पाटील हरले, काँग्रेसचे धीरज लिंगाडे आले. कारणं अनेक होती, पण माझ्या वऱ्हाडातल्या नातेवाइकांत जे प्राथमिक शिक्षक आहेत त्यांनी त्या वेळी ठरवून नावं नोंदवली होती आणि पेन्शनवर मत दिलं होतं, हे मला माहीत आहे.

यूपीएसचं, म्हणजे केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेचं, कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली, विधानसभा तोंडावर असताना. पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी त्यात आहे, पण पूर्ण लाभाला २५ वर्षं सेवा लागते आणि १० टक्के कपात चालूच राहते. विनाअनुदानावर उमेदीची वर्षं घालवून उशिरा पूर्ण पगारावर आलेल्या टप्प्यावरच्या सरांसारख्यांची २५ वर्षं कशी भरणार? ही मागणी घेऊन कोण उभं राहतं ते मी तरी पुढच्या वेळी बघणार आहे.

टप्प्यावरचा

ताई, हे विचारणारा उमेदवार सत्तेतला असो की विरोधातला, त्याच्या प्रचाराला मी येईन. मत सत्तेकडे म्हणालो ते टप्प्यासाठी. आमच्या गेलेल्या वर्षांबद्दल अजून कुणी विचारलंच नव्हतं.

वाडीवरचा मास्तर

पदवीधरची नोंदणी कशी करायची? आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, बरेच जण बीए आहेत, पण मागच्या वेळी यादीत नाव नव्हतं.

आकडे बोलतात

सर, ती यादी विधानसभेसारखी कायम राहत नाही. प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने होते, जुनं नाव आपोआप येत नाही. पदवीधरसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९ आणि त्यासोबत मुख्याध्यापकांचा दाखला. पात्रता १ नोव्हेंबर या तारखेवर मोजतात, म्हणून तहसीलच्या सूचनेवर लक्ष ठेवा. पुणे आणि अमरावती शिक्षक, तसंच पुणे, नागपूर आणि औरंगाबाद पदवीधर यांची मुदत २०२६ अखेरीस संपते. तुमचा मराठवाडा औरंगाबाद पदवीधरमध्ये येतो.

वाडीवरचा मास्तर

धन्यवाद. पदवीचं प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत आहे, रविवारी काढतो. केंद्रातल्या बाकीच्यांनाही सांगतो, शनिवारी शिक्षण परिषद आहेच.